रॉकवरची पुस्तकं : खरं किती, दंतकथा किती?

तबकडीवाला (धागाकर्ता)

१९७६च्या जूनमध्ये 'न्यू यॉर्क' मासिकात निक कोन ह्यांचा एक लेख आला. ब्रुकलिनमधल्या डिस्कोत दर शनिवारी नाचणाऱ्या व्हिन्सेंट नावाच्या पोराची कहाणी. लेखाच्या तोंडालाच ग्वाही दिलेली, की ह्यातलं सगळं घडलेलं आहे; काही मी स्वतः पाहिलंय, काही संबंधितांनी मला सांगितलंय. दीडेक वर्षात त्यावरून 'सॅटरडे नाइट फीव्हर' हा सिनेमा निघाला आणि जॉन ट्रॅव्होल्टा जगभर पोचला. वीसेक वर्षांनी कोननी सांगून टाकलं, की व्हिन्सेंट कुणी नव्हताच. ब्रुकलिनचं ते जग त्यांना परकं होतं, म्हणून लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातला आपल्या माहितीतला एक मॉड (साठीच्या दशकातल्या फॅशनवेड्या ब्रिटिश टोळक्यांतला) पोरगा उचलला आणि तिथे नेऊन नाचवला.

लेख डिस्कोवरचा असला तरी माणूस रॉकवाला. बाविशी-तेविशीत ह्याच कोननी 'ऑपबॉपालूबॉप ॲलॉपबॅमबूम' लिहिलं (१९६९, नाव लिटल रिचर्डच्या 'टुटी फ्रुटी'मधल्या आरोळीवरून). रॉकचा इतिहास सांगणाऱ्या अगदी पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. तिरकस, उद्धट आणि अजूनही एका बैठकीत संपणारं. रॉक शहाणपणाच्या नादी लागलं तिथेच त्याची मजा गेली, असं त्यांचं म्हणणं. पटत नाही, पण वाचताना मजा येते.

रॉकवरच्या पुस्तकांबद्दल बोलायचं तर इथूनच सुरुवात करावीशी वाटते, कारण हे लेखन पहिल्यापासून किश्शांवर पोसलेलं आहे. गायक मुलाखतीत थापा मारतो, मॅनेजर त्यात भर घालतो, पत्रकाराला अंक वेळेवर काढायचा असतो. तीस वर्षांनी कुणी चरित्र लिहायला बसतो तेव्हा त्याच्या हाती हीच कात्रणं लागतात. त्यामुळे माझी फूटपट्टी एकच : किस्सा हाती लागल्यावर लेखक तो तसाच छापतो, की त्याच्या मागावर जातो?

रॉबर्ट जॉन्सनचं उदाहरण घ्या. मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार शिकलेला ब्लूजवाला. १९३६-३७ मध्ये २९ गाणी ध्वनिमुद्रित केली, १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी मेला. ही सैतानाची गोष्ट मुळात टॉमी जॉन्सन नावाच्या दुसऱ्याच गायकाबद्दल त्याच्या भावाने सांगितली होती; दोघांचं आडनाव सोडलं तर नातं काही नाही. इलायजा वॉल्ड ह्यांचं 'एस्केपिंग द डेल्टा' (२००४) त्याच्या पुढे जातं. जॉन्सन हयात असताना कृष्णवर्णीय श्रोते खरोखर काय विकत घेत होते, हे ते पाहतात. तिथे लिरॉय कारसारखे शहरी, मऊ गळ्याचे गायक दिसतात. जॉन्सनची एकच तबकडी, 'टेराप्लेन ब्लूज', बऱ्यापैकी खपलेली. 'डेल्टाचा (मिसिसिपीतल्या ब्लूजच्या माहेरघराचा) सम्राट' हे बिरुद त्याला चिकटलं १९६१च्या एलपीमुळे, आणि तो एलपी डोक्यावर घेतला तो इंग्लंड-अमेरिकेतल्या गोऱ्या पोरांनी. म्हणजे त्याचा इतिहास रचला तो त्याच्या नंतरच्या चाहत्यांनी. वॉल्ड हे सगळं सांगतात आणि तरी जॉन्सनची गाणी पुस्तकात छोटी होत नाहीत. एकेक गाणं घेऊन, हे कुणाकडून उचललं आणि त्यात ह्याने स्वतःचं काय घातलं, ते दाखवतात.

एल्विसच्या बाबतीत तर दोन्ही टोकं समोरासमोर आहेत. ॲल्बर्ट गोल्डमन ह्यांचं १९८१चं चरित्र पानापानातून तुच्छतेने भरलेलं. दक्षिणेतल्या गरीब गोऱ्यांबद्दलच लेखकाला घृणा आहे हे लपत नाही. नंतर पीटर गुरालनिक आले. 'लास्ट ट्रेन टू मेम्फिस' (१९९४) आणि 'केअरलेस लव्ह' (१९९९). पहिला खंड १९५८ मध्ये, आई गेल्यावर एल्विस सैनिक म्हणून जर्मनीला निघतो तिथे थांबतो. पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं, पण गुरालनिक ते कुठेही सुचवत नाहीत. ५ जुलै १९५४ची सन स्टुडिओतली रात्र पाहा. गाणी जमत नाहीयेत, सगळे कंटाळलेत. मधल्या सुट्टीत एल्विस आर्थर क्रडपचं 'दॅट्स ऑल राइट' उगाच मस्करीत म्हणू लागतो, बिल ब्लॅक बेस घेऊन सामील होतो, मागोमाग स्कॉटी मूर. स्टुडिओचे मालक सॅम फिलिप्स दारातून डोकं बाहेर काढून विचारतात, हे काय चाललंय? कुणालाच सांगता येत नाही. मग, जिथून जमेल तिथून पुन्हा सुरू करा, म्हणतात. रॉकचा जन्म वगैरे काही नाही. थकलेली माणसं आणि एक हुशार कान.

तर मंडळी, तुमची आवडती-नावडती पुस्तकं येऊ द्या. नुसती यादी नको, का ते लिहा.

बोरूबहाद्दर

धागा आवडला, फूटपट्टी नाही. किश्शाची शहानिशा हीच कसोटी मानली तर समीक्षक ग्रील मार्कस कुठे बसवणार? 'मिस्टरी ट्रेन'मध्ये (१९७५) त्यांनी कुणाची जन्मतारीख शोधलेली नाही. हार्मोनिका फ्रँक, रॉबर्ट जॉन्सन, द बँड, स्लाय स्टोन, रँडी न्यूमन आणि एल्विस एवढे जण घेतले आणि त्यांच्या गाण्यांतून अमेरिका नावाची कल्पना वाचली. रॉकच्या गाण्याला मेलव्हिलच्या कादंबरीशेजारी बसवताना माफी मागायची गरज नाही, हे ह्या पुस्तकाने पुढच्या पिढीला शिकवलं. (अवांतर : नंतरच्या आवृत्त्यांत मागच्या टिपा आणि तबकड्यांची माहिती इतकी फुगत गेली, की मूळ मजकूर बिचारा अंग चोरून उभा असल्यासारखा वाटतो. मला टिपाच जास्त आवडतात.)

'लिपस्टिक ट्रेसेस' (१९८९) तर आणखी पुढचं. सेक्स पिस्टल्स ह्या लंडनच्या पंक बँडचा जॉन लायडन आणि सोळाव्या शतकातला लायडनचा यान, म्युन्स्टर शहर ताब्यात घेणारा बंडखोर. नावांतलं साम्य हा योगायोग. मधे दादावादी (कलेचे नियम उधळणारे कलावंत) येतात, पॅरिसचे सिच्युएशनिस्ट (कला आणि राजकारण एकत्र आणणारे बंडखोर) येतात. ह्याने त्याला शिकवलं असं मार्कस कुठेच सिद्ध करत नाहीत, करू पाहतही नाहीत. एकच नकार वेगवेगळ्या शतकांत कसा उमटतो एवढंच दाखवतात. तुमच्या फूटपट्टीने हे पुस्तक नापास. माझ्या मते रॉकवर लिहिलेलं सर्वांत धाडसी पुस्तक.

शंकासुर

बोरूबहाद्दर, मार्कस तर्क करतात तेव्हा हा तर्क आहे हे वाचकाला कळतं. कोन थाप मारतात तेव्हा कळत नाही. फरक तिथे आहे. नापास करायचंच तर स्टीफन डेव्हिसचं 'हॅमर ऑफ द गॉड्स' (१९८५) करा. लेड झेपेलिनवरचं सगळ्यात गाजलेलं पुस्तक. बराचसा मसाला त्यांचा टूर मॅनेजर रिचर्ड कोल याच्याकडून आलेला. बँडने ते झिडकारलं, आणि तरी दोन पिढ्यांना झेपेलिन ठाऊक झाले ते त्यातूनच. शिवाय त्या काळच्या टूरकथांमध्ये अल्पवयीन मुलींचे उल्लेख गमतीचे किस्से म्हणून येतात. तेव्हाचे वाचक हसले असतील, आज घशाखाली उतरत नाही.

दुसरं उदाहरण अवघड आहे. 'निर्वाणा' बँडच्या कर्ट कोबेनचं चरित्र 'हेविअर दॅन हेवन' (२००१). चार्ल्स क्रॉस सिॲटलचे, मेहनती पत्रकार, शेकडो मुलाखती घेतलेल्या. पण शेवटच्या तासांत कोबेनबरोबर कुणी नव्हतं, आणि क्रॉसनी ते तास आतून रंगवलेत. साडेतीनशे पानं कमावलेला विश्वास त्या काही पानांत गेला, माझ्यापुरता तरी.

सोनचाफा

वाचतेय. एक लेख, दोन प्रतिसाद, पंचवीसेक नावं, एकही बाई नाही. रॉकच्या पुस्तकांच्या चर्चा अशाच होतात म्हणून आश्चर्य नाही वाटलं, पण भर घालते.

एलेन विलिस १९६८ पासून 'न्यू यॉर्कर'च्या पहिल्या पॉप संगीत समीक्षक. सात वर्षं लिहिलं आणि मग स्त्रीवादी राजकीय लेखनाकडे वळल्या. त्यांचे संगीतलेख पुस्तकरूपाने आले ते त्या गेल्यावर, २०११ मध्ये, 'आउट ऑफ द व्हिनाइल डीप्स' नावाने; संपादन लेकीनं केलं. १९७७च्या एका लेखात त्या सेक्स पिस्टल्सच्या 'बॉडीज' या गाण्याशी झगडतात. गाणं गर्भपाताबद्दल, आणि उघड स्त्रीद्वेष्टं. तरी त्यातला आवेश त्यांना आपलासा वाटतो. उलट सुविचारी, सौम्य 'स्त्रियांचं संगीत' ऐकून त्यांना आपणही मिळमिळीत झालोय असं वाटतं. जे गाणं बेधडक आपली इच्छा मांडतं ते मलाही माझी मांडायला भाग पाडतं, मग त्याचे शब्द माझ्या विरोधातले का असेनात, असा तो युक्तिवाद. पुरुष समीक्षक हे गाणं एक तर डोक्यावर घेत होते नाहीतर थुंकत होते. विलिस दोन्ही गोष्टी एकदम हातात धरून उभ्या राहिल्या.

आता तबकडीवाले, तुमच्या फूटपट्टीबद्दल. किस्सा तपासला की नाही हे तुम्ही बघता. ज्यांच्याबद्दल किस्सेच उरले नाहीत त्यांचं काय? सिस्टर रोझेटा थार्प. चर्चमध्ये गात मोठी झालेली, हातात इलेक्ट्रिक गिटार, १९४४ मधलं तिचं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' ऐका आणि मग रॉक अँड रोल कधी सुरू झालं ते ठरवा. १९५१ मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल स्टेडियममध्ये तिकीट लावून स्वतःचं लग्न लावलं, आणि लग्नानंतर तिथेच कार्यक्रम! हजारो लोक आले. १९७३ मध्ये गेली, आणि फिलाडेल्फियातल्या तिच्या कबरीवर कित्येक वर्षं नाव कोरलेला दगडसुद्धा नव्हता. गेल वॉल्ड यांचं 'शाउट, सिस्टर, शाउट!' २००७ मध्ये आलं, दगड २००९ मध्ये बसला, रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये प्रवेश २०१८ मध्ये. इथे पुस्तकाला दंतकथा फोडायची नव्हती, बाईला परत उभं करायचं होतं.

रात्रपाळी

सोनचाफा +१. थार्पचं १९६४चं मँचेस्टरचं चित्रण पाहिलंय का कुणी? बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात, प्रेक्षक एका फलाटावर, ती दुसऱ्या फलाटावर. पाऊस पडून गेलेला. अंगात जाड कोट आणि गळ्यात गिटार. पुस्तक वाचण्याआधी ते पाहा.

तबकडीवाला

सोनचाफा, मुद्दा मान्य. आणि त्याला जोडूनच एक. वंशाचा प्रश्न आला की रॉकच्या पुस्तकांत 'गोऱ्यांनी चोरलं' हे एका वाक्यात उरकतात. 'हाउंड डॉग'चंच बघा. बिग मामा थॉर्नटननी १९५२ मध्ये ध्वनिमुद्रित केलं, पुढच्या वर्षी ते आर अँड बीच्या (रिदम अँड ब्लूज) यादीत पहिलं आलं, पैसे तिला नावापुरते मिळाले. हा अन्याय खराच. पण गाणं लिहिलेलं जेरी लीबर आणि माइक स्टोलर ह्या दोन ज्यू पोरांनी, खास तिच्यासाठी. आणि एल्विसने १९५६ मध्ये ते उचललं ते लास व्हेगसमध्ये फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज हा गोरा बँड गात होता त्यावरून. म्हणून त्याच्या गाण्यात ससा येतो, जो थॉर्नटनच्या गाण्यात नाहीच. ज्या गाण्यात एक बाई ऐतखाऊ पुरुषाला घराबाहेर काढते, ते फिरत फिरत खऱ्याखुऱ्या कुत्र्याचं गाणं झालं. हा प्रवास कळला की अन्याय कमी होत नाही, तो कुठल्या कुठल्या दारांतून झाला हे दिसतं. मॉरीन मेहन ह्यांच्या 'ब्लॅक डायमंड क्वीन्स'मध्ये (२०२०) थॉर्नटनवर स्वतंत्र प्रकरण आहे.

आणि समीक्षक लेस्टर बँग्जचं नाव अजून कुणी घेतलं नाही! 'सायकॉटिक रिॲक्शन्स अँड कार्ब्युरेटर डंग' (१९८७), ते गेल्यावर मार्कसनी संपादित केलेलं. बँग्ज १९८२ मध्ये ३३व्या वर्षी गेले. लोक त्यांच्या लू रीडबरोबरच्या भांडणमुलाखती वाचून टाळ्या पिटतात. मला त्यातला 'द व्हाइट नॉइज सुप्रीमसिस्ट्स' (१९७९) जास्त मोलाचा वाटतो. न्यू यॉर्कच्या पंक वर्तुळातला वर्णद्वेष, 'चालतं रे, मस्करी' म्हणून खपवलेला, त्यांनी उघड्यावर आणला आणि स्वतः पूर्वी काय काय लिहिलं-बोललं होतं तेही त्यात मांडलं. आपल्याच गोतावळ्याविरुद्ध असं लिहिणारे समीक्षक थोडे.

बोरूबहाद्दर

'हाउंड डॉग'चा तपशील फक्कड. म्हणजे किस्सा तपासला की तो जास्त रंगतदार होतो, असा तुमचा दावा म्हणायचा. डिलननं न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात २५ जुलै १९६५ रोजी इलेक्ट्रिक गिटार घेतली तेव्हा लोकगायक पीट सीगर कुऱ्हाड घेऊन केबल तोडायला धावले, तो किस्साही इलायजा वॉल्डनीच ('डिलन गोज इलेक्ट्रिक!', २०१५) उलगडलाय. सीगर स्वतः नंतर सांगत, की आवाज इतका फाटत होता की शब्द कळत नव्हते, म्हणून कुऱ्हाड असती तर केबल तोडली असती असं म्हणालो. लोकांनी हुर्यो केली ती काहींनी गिटारसाठी, काहींनी वाईट आवाजासाठी आणि काहींनी तीनच गाणी गाऊन गडी आत गेला म्हणून.

पण मग खुद्द डिलनचं 'क्रॉनिकल्स' (२००४) घ्या. आत्मकथन म्हणून छापलेलं. वाचकांनी खणून काढलं, की त्यातली कितीतरी वाक्यं जॅक लंडनपासून जुन्या मासिकांपर्यंत इकडून तिकडून उचललेली आहेत. आता ही चोरी की लोकगायकाची जुनी रीत? वाक्यं उसनी आणि पुस्तक मात्र सोळा आणे त्याचंच, असं मला वाटतं.

शंकासुर

गाण्यात रीत, गद्यात अवतरणचिन्हं. एवढं साधं आहे.

खर्जातला सा

तोंडी इतिहासाचा प्रकार राहिला. 'प्लीज किल मी' (१९९६), लेग्ज मकनील आणि जिलियन मकेन. निवेदक नाहीच, फक्त माणसं बोलतायत : वेल्व्हेट अंडरग्राउंड, स्टूजेस, रमोन्स, सगळा न्यू यॉर्क पंक. एकाच रात्रीबद्दल तिघं तीन गोष्टी सांगतात आणि पुस्तक निवाडा देत नाही. वाचायला सुसाट. पण भाबडेपणाने वाचू नये. कुणाचं वाक्य कुणाच्या वाक्यानंतर ठेवायचं, हे ठरवणारा माणूस आहेच. फक्त तो दिसत नाही. मकनील तर स्वतः 'पंक' मासिक काढणाऱ्यांतले, म्हणजे साक्षीदारच पंच. पंकचा जन्म लंडनचा की न्यू यॉर्कचा या जुन्या भांडणात पुस्तक कुणाच्या बाजूचं आहे, सांगायला नकोच. लंडनची बाजू हवी तर जॉन सॅव्हेज यांचं 'इंग्लंड्स ड्रीमिंग' (१९९१). ते मात्र नुसतं बँडांचं पुस्तक नाही. सत्तरच्या दशकातलं मोडकळीला आलेलं ब्रिटन त्यात आहे.

उगाच

एवढं सगळं वाचायचं कशाला? तबकडी लावा आणि ऐका की राव.

खर्जातला सा

उगाच, ऐकण्यासाठीच तर. मार्क लुइसन यांनी बीटल्सच्या स्टुडिओतल्या एकेका दिवसाची नोंद केलीय ('द कम्प्लीट बीटल्स रेकॉर्डिंग सेशन्स', १९८८). 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर' म्हणजे दोन वेगवेगळी ध्वनिमुद्रणं. लेननना एकाची सुरुवात आवडली, दुसऱ्याचा शेवट. दोघांची पट्टी वेगळी, लयही वेगळी. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांनी टेपचा वेग कमी-जास्त करून ती एका मिनिटाच्या आसपास जोडली. कान देऊन ऐका, तिथे आवाज किंचित जड होतो, चेलो आत येतात. वाचण्याआधी हे गाणं कितीही वेळा ऐकलं असलं तरी तो सांधा कानाला लागत नाही. नंतर लागल्याशिवाय राहत नाही. इयन मॅक्डोनाल्ड यांचं 'रेव्होल्यूशन इन द हेड' (१९९४) असंच गाणं-गाणं घेत जातं, फक्त ते जोडीला मतंही देतं, आणि मतं चांगलीच तिखट आहेत.

रात्रपाळी

अवांतर, पण धाग्याला शोभणारं. किंग्जमेनच्या 'लुई लुई'चे (१९६३) शब्द कुणाला कळेनात म्हणून ते अश्लील असणार अशी ओरड झाली आणि एफबीआयने दोन वर्षं तपास केला. प्रयोगशाळेत तबकडी वेगवेगळ्या वेगांनी वाजवून पाहिली. निष्कर्ष : काय म्हणतोय ते समजत नाही. रिचर्ड बेरींचं मूळ गाणं म्हणजे घरच्या ओढीनं व्याकूळ झालेल्या खलाशाचं साधं प्रेमगीत. डेव्ह मार्श यांनी या एका गाण्यावर अख्खं पुस्तक लिहिलंय (१९९३). जाता जाता : गिटारच्या तुकड्यानंतर गायक जॅक इली कडवं लवकर सुरू करतो, चपापून थांबतो, ड्रमवाला सावरून घेतो. हे चुकलेलं ध्वनिमुद्रण तसंच बाजारात गेलं, आणि आता तशी चूक नसेल तर 'लुई लुई' पुरं वाटत नाही.

नवखा

वाखु (वाचनखूण) साठवली. मी फक्त ऐकणारा, त्यातही नव्वदीच्या आसपासचा अमेरिकन गिटारचा गोंगाट. एकच पुस्तक घ्यायचं तर कुठलं? जाडजूड चरित्र झेपणार नाही.

सोनचाफा

मग मायकेल ॲझराड यांचं 'अवर बँड कुड बी युअर लाइफ' (२००१). १९८१ ते १९९१, तेरा बँड, प्रत्येकाचं वेगळं प्रकरण. ब्लॅक फ्लॅग, हस्कर डू, द रिप्लेसमेंट्स, सॉनिक यूथ वगैरे. नाव मिनिटमेनच्या गाण्यातल्या ओळीवरून. कपड्यांच्या बोचक्यासकट व्हॅनमध्ये झोपणं, पुढच्या गावच्या कार्यक्रमासाठी फोन फिरवणं, तबकड्यांची पाकिटं स्वतः चिकटवणं, असं सगळं आहे. बँडने मोठ्या कंपनीशी करार केला की ॲझराड त्यांची गोष्ट तिथे थांबवतात. पटो न पटो, भूमिका आहे. 'निर्वाणा' बँडच्या आधीचं जग हवं असेल तर हेच.

तबकडीवाला

दुजोरा. गुरालनिक नंतर कधीतरी, सनची ध्वनिमुद्रणं शेजारी लावून. आणि दुसरा खंड पहिल्याला लागून घेऊ नका. औषधांच्या गोळ्या, करार, एकटेपणा, सलग वाचवत नाही.

नवखा

ॲझराड घेतो. फुगाझी आवडतात, तिथून उघडलं तर चालेल ना?

खर्जातला सा

चालेल, पण आधी मायनर थ्रेटचं वाचा. दोन्हीकडे माणूस तोच, इयन मकाय. पहिल्या बँडच्या कार्यक्रमांतली मारामारी वाचली असेल तर फुगाझीच्या वेळी तो गाणं मधेच थांबवून धक्काबुक्की करणाऱ्यांना बाहेर का काढतो ते समजतं. आणि त्यांनी मोठ्या कंपनीशी करार कधी केलाच नाही, त्यामुळे ॲझराडना ते प्रकरण वेगळ्या जागी थांबवावं लागलंय.